यादीत नसलेली मोटार

गावी गेलो की अजूनही कुणीतरी विचारतंच, "साहेब, अणुबाँब डोळ्यानं बघितलाय का?" नाही बघितला. सव्वीस वर्षं दिल्लीत एका खात्याच्या एकाच मजल्यावर काढली, पण बाँब सोडा, त्याचा खिळासुद्धा माझ्या नजरेला पडला नाही. आम्ही कागद पाहिले. हे सांगितलं की विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. त्याला वाटतं, हा लपवतोय. मग मीही नुसतं हसतो, कारण काही लपवतोय असं वाटू देण्यात माझी थोडी इज्जत राहते.

संपादकांनी 'नोकरीतल्या आठवणी लिहा' म्हटलं, तेव्हा मी दोन महिने टाळाटाळ केली. माझ्या नोकरीतल्या ज्या एका आठवणीत काही दम आहे, ती एका माणसाबद्दलच्या माझ्या हेव्याशिवाय सांगताच येत नाही. आणि तो माणूस दिल्लीचा नाही, वडवणीकडच्या दोन गावांच्या सोसायटीचा गटसचिव होता. गावांची नावं लिहीत नाही. भांडण मिटलेलं आहे, उगाच कशाला उकरा. एकाला वरचं म्हणू, एकाला खालचं. मी खालच्या गावचा.

आधी आमचा धंदा सांगतो. अणुशस्त्रं आणखी कुणी करू नयेत, केली तर वापरू नयेत, शेजाऱ्याशेजाऱ्यांत निदान काही नियम असावेत, यासाठी देशादेशांत बोलणी चालतात. लांबलचक टेबल असतं. पुढच्या खुर्च्यांवर बोलणारे, मागच्या खुर्च्यांवर लिहिणारे. मी मागचा. मसुद्यातल्या ज्या शब्दांवर दोघांचं जमत नाही, ते चौकोनी कंसात टाकायचे आणि बोलणी पुढे न्यायची. जमलं की कंस काढायचा. हे कंस सांभाळणं माझं काम. दिवस संपला की साहेब विचारायचे, "आज किती गेले?" बहुतेक वेळा उत्तर असायचं, "गेला एक, आले दोन."

बोलण्यांची खरी गंमत सुरुवातीलाच असते. दोन्ही बाजूंच्या फायलीत आपापला मसुदा तयार असतो, पण बाहेर कुणी काढत नाही. "आपण आधी." "छे छे, आपण पाहुणे, आपण आधी." आपल्याकडे सोयरिकीच्या बैठकीत दोन्हीकडचे मामा असेच बसतात. मला समोरच्या बाजूची उर्दू चांगली समजायची, कारण वडील निजामाच्या राज्यात उर्दूत शिकलेले आणि घरात निम्मा कारभार त्याच शब्दांत चालायचा. समोरच्या बाजूचा टिपणं घेणारा एकदा चहाच्या वेळी मला म्हणाला होता, तुमची उर्दू ऐकून वाटतं आमच्या आजोबांचा कारकून बोलतोय. मी त्याच्याकडून पेन्सिल घेतली होती, म्हणून काही बोललो नाही.

आता त्या गटसचिवाबद्दल, म्हणजे निवृत्तीबद्दल.

निवृत्ती साळवे आणि मी चौथीपासून मॅट्रिकपर्यंत एका वर्गात. तो प्रत्येक परीक्षेत पहिला, मी दुसरा. गणितात, भूगोलात, पाठांतरात, सगळ्यात तो पुढे. एका अक्षरात मात्र मी पहिला. माझं अक्षर मोत्याचं होतं. वडील गावचे सरपंच होते. गावचे अर्ज, ठराव, याद्या, सगळं ते सांगायचे आणि मी लिहायचो. तहसीलमधले कारकून कागद उजेडाला धरून म्हणायचे, "छापलाय का हो?" तेवढं एक सुख. बाकी निकालाच्या दिवशी मी घरी सरळ यायचो नाही, मळ्यातून वळसा घालून यायचो.

पुढे मी औरंगाबादला कॉलेजात गेलो, तिथून दिल्लीला. निवृत्तीला पाठवणारं कुणी नव्हतं. तो सोसायटीत चिकटला आणि गटसचिव झाला. न्यायानं माझा हेवा तिथं संपायला हवा होता. पण दुसऱ्या नंबरच्या माणसाला पहिला नंबर दिसेनासा झाला तरी चैन पडत नाही. दिल्लीत एखादं टिपण चांगलं जमलं की मनात यायचं, हे निवृत्तीनं एका कागदात बसवलं असतं.

ऐंशीच्या पुढची ती कोरडी वर्षं. सलग तिसरा पावसाळा दगा देऊन गेला, त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी आठवडाभराच्या रजेवर गावी आलो होतो. नदीच्या पात्रात दोन्ही गावांच्या मध्ये एक डोह तेवढा उरलेला. तहसीलदारांनी तो पिण्यासाठी राखून ठेवला होता आणि शेतीच्या मोटारी काढा म्हणून दवंडी दिली होती. एकही निघाली नव्हती. वरचं गाव म्हणे, खालच्यांनी आधी काढाव्यात. खालचं गाव म्हणे, वरच्यांनी. वीज आली की दोन्ही काठांवर मोटारी घरघरायच्या, आणि ते पाहून ज्याच्याकडे नव्हती तोही आणून बसवायचा. एका माणसाचा हात मोडून झाला होता. डोह रोज ओंजळ ओंजळ आटत होता. पंधरा दिवसांनी प्यायला काय, हे कुणी बोलत नव्हतं.

मला हे सगळं फार ओळखीचं वाटलं. रात्रंदिवस मी दिल्लीत हेच तर लिहीत होतो. आमचे थोरले बंधू, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, त्यांना मी ओसरीवर बसून समजावून सांगितलं की परस्परांवर विश्वास नसताना एकतर्फी कपात कशी अशक्य असते. दादांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू उद्या गोदामावर चल. निवृत्तीनं दोन्ही गावं बोलवलीत."

सोसायटीचं खताचं गोदाम दोन्ही गावांच्या मधल्या फाट्यावर. पाऊस नाही, त्यामुळे खत उचललेलं नाही. माणसं त्या पोत्यांवरच बसली होती, एका भिंतीला वरची, दुसऱ्या भिंतीला खालची. दुपारची वेळ, पत्रा तापलेला. निवृत्तीची आई लंगडत लंगडत आली, दाराजवळच्या माठात घागर रिकामी करून गेली. तिच्या हातचं पाणी त्या दिवशी दोन्ही गावं प्याली. त्या वर्षी नको म्हणायची कुणाची टाप नव्हती.

मला पाहिल्यावर निवृत्ती म्हणाला, "या, दिल्लीचे साहेब. मागं बसा." खरं तर मागं एकच पोतं रिकामं होतं, म्हणून तो तसं म्हणाला असेल. मला मात्र ते लागलं.

मला वाटलं होतं, हा आता भाषण करील. त्यानं दोन कोरे कागद काढले.

"आज मोटारी काढायचं बोलायचं न्हाई," तो म्हणाला. "आज फकस्त याद्या करायच्या. दुसऱ्याच्या मोटारीचं नाव घ्यायचं न्हाई. ज्यानं त्यानं आपली सांगायची. यादीत आली ती मोटार दोन्ही गावांच्या राखणीत. तिला कुणी हात लावायचा न्हाई, तिची जागा कुणी बळकवायची न्हाई. परवा समद्यांच्या एका टायमाला निघतील, मालकाच्या घरी जातील, पाऊस पडला की जिथल्या तिथं बसतील."

खरी भीती हीच होती, हे मला तेव्हा कळलं. मोटार काढण्याची कुणाला भीती नव्हती. काढली की डोहावरची आपली जागा गेली, ही भीती होती. चार वर्षं मी अशाच भीतीवर टिपणं लिहीत होतो, आणि दादांना काल एवढं शहाणपण सांगताना ती मला दिसली नव्हती.

पण गप्प बसलो तर मी कसला. मी मागून विचारलं, "आणि कुणी एखादी मोटार लपवली, यादीत दिलीच नाही, तर? तपासणार कोण?" आमच्या खात्यात या प्रश्नावर मोठमोठे लोक हात टेकत. सगळं गोदाम माझ्याकडे वळलं. मला बरं वाटलं, हे कबूल करतो.

"कुणीच न्हाई तपासणार," निवृत्ती म्हणाला.

"मग?"

"मग काय? यादीत न्हाई त्याला राखण न्हाई. जी यादीत न्हाई ती कुणाचीच न्हाई. ज्याला घावली त्याची."

एवढंच बोलून त्यानं टोपण काढलं आणि वरच्या गावाची यादी लिहायला घेतली. अकरा मोटारी निघाल्या. मग खालच्या गावाची. एकेक जण उठून सांगत होता. नऊ झाल्या. दादा उठले नाहीत.

आता इथं सांगायलाच हवं. दादांची मोसंबीची बाग त्या उन्हाळ्यात हिरवीगार होती. दोन्ही गावांना डोळे होते. डोहाच्या खालच्या अंगाला बेशरमाच्या झुडपात मोटार आणि वाळूखालून पाइप, हे शेंबडं पोरही जाणत होतं. बाग गेली तर सात वर्षांची झाडं जाणार होती, तेव्हा दादांनाही फार दोष देता येत नाही. पण मी तिथं बसलो होतो, आत्ताच मोठ्या तोंडानं लपवाछपवीबद्दल विचारून. माझे कान तापले.

निवृत्तीनं एकदा माझ्याकडे पाहिलं. दादांकडे पाहिलं नाही. शाईवर फुंकर घातली आणि विचारलं, "झाली का खालच्यांची यादी?"

"झाली," दादा म्हणाले.

वरच्या गावचे आबा म्हणून एक म्हातारे पुढारी होते. हात मोडलेला माणूस त्यांचा पुतण्या. सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहायला लागले. त्यांनी यादी हातात घेतली, वाचता येत होतं तरी नुसतीच उलटसुलट केली आणि म्हणाले, "मान्य हाय."

बैठक संपली. घरी आल्या आल्या दादा गड्याला म्हणाले, "बैल जुंप." मला कळेना. "आरं, यादीत न्हाई ती. उद्या सकाळी वरच्यांचं कुणीबी उचलून नेईल, अन मी कावून नेली म्हणून इचारूबी शकत न्हाई." पाच हजार माणसांचा धाक, पोलीस, तहसीलदार यांनी जे झालं नव्हतं ते झालं. आम्ही दिवस मावळायच्या आत डोहावर पोचलो आणि बेशरमातून मोटार ओढून काढली. समोरच्या काठावर पाहतो तर आबांचा थोरला मुलगा गुडघाभर चिखलात उभा राहून एक मोटार ओढतोय. तीही त्यांच्या यादीत नव्हती. दोन्हीकडची माणसं एकमेकांकडे पाहत उभी राहिली.

"राम राम," दादा म्हणाले.

"राम राम," तो म्हणाला.

आणि दोघंही आपापल्या मोटारीला लागले. परवा यादीतल्या वीस निघाल्या. त्या डोहानं दोन्ही गावांना पुढच्या पावसापर्यंत पाणी पुरवलं. दादांची निम्मी बाग गेली, निम्मी टँकरनं वाचली.

मला आनंद व्हायला हवा होता. मी परतीच्या प्रवासभर जळत होतो. निवृत्तीनं एका दुपारी, पोत्यावर बसून, दोन कागदांवर जे केलं, ते माझ्या टेबलावर चार वर्षांत झालं नव्हतं. आणि त्याला आपण काही मोठं केलं असं वाटलंही नव्हतं, हे मला जास्त झोंबलं. निघताना त्याला भेटायला गेलो तर तो उंदरांनी फाडलेली पोती शिवत होता.

दिल्लीत तेव्हा एक कागद टेबलाटेबलावर फिरत होता. शेजारी देशाशी असं ठरवता येईल का, की एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही आणि त्यासाठी अशा ठिकाणांच्या याद्या एकमेकांना द्यायच्या? प्रत्येक टेबलावर एकच शेरा पडत होता: त्यांनी एखादं ठिकाण यादीत घातलंच नाही तर? तपासणार कोण?

मी एका पानाचं टिपण लिहिलं. यादी तपासायची गरजच नाही. जे ठिकाण यादीत नाही त्याला करारातलं संरक्षण नाही. लपवणाऱ्यानं ते आपल्या हिमतीवर सांभाळावं. यादी खरी आहे की नाही याचा धाक देणाऱ्याला असतो, घेणाऱ्यानं तो कशाला डोक्यावर घ्यायचा?

आमचे साहेब भंडारी म्हणून होते. त्यांनी टिपण दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "कुठून सुचलं हे?"

गोदाम, तापलेला पत्रा, टोपण काढणारा निवृत्ती, सगळं डोळ्यांसमोर आलं. मी म्हणालो, "जरा विचार केला, सर."

चार शब्द. चौथीपासून मी ज्याची वाट पाहत होतो तो पहिला नंबर मला त्या क्षणी मिळाला. तो फार तर तीन आठवडे टिकला. पुढच्या बैठकीत भंडारीसाहेबांनी माझं पान मुखोद्गत करून टेबलापलीकडे सुंदर इंग्रजीत मांडलं. समोरच्या बाजूच्या प्रमुखानं लिहिणं थांबवलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि चहा मागवला. चहानंतर त्या परिच्छेदातले सगळे कंस गेले. कंस मीच काढले, माझ्या हातानं. सगळे भंडारींचा हात हातात घेत होते. मी मागच्या खुर्चीवर बसून दातओठ खात होतो. चोरावर मोर म्हणतात तो हा. पण चोरानं तक्रार कुणाकडे करायची?

इथं एक सांगून ठेवतो. पुढे तो करार झाला तो मोठ्या लोकांनी केला, अनेकांच्या खटपटीनं केला. त्यात माझं काही आहे असा माझा दावा नाही. एका दुपारचे कंस गेले, एवढंच माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं. पण दर एक जानेवारीला दोन्ही देश एकमेकांना याद्या देतात. मधल्या काळात संबंध कितीही नासलेले असोत, याद्या दिल्या जातात. दोन तारखेच्या पेपरात आतल्या पानावर बारीकशी बातमी येते. ती वाचताना मला दरवर्षी आधी भंडारींचा राग येतो आणि मग निवृत्ती आठवतो. शरम सगळ्यात शेवटी येते, आणि तीही अर्ध्या वाटेवरून परत जाते.

निवृत्त झाल्यावर गावानं माझा सत्कार केला. फेटा, नारळ, शाल. निवृत्ती खालच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता. भाषणात त्याचं नाव घ्यायचं असं मी घरून ठरवून आलो होतो. घेतलं नाही. आलेल्या टाळ्या वाटून घ्यायला जीव होईना.

मग एके दिवशी वडवणीला त्याच्या घरी गेलो. दोन खोल्या, दारात लिंब, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि शेजारी आईचा. त्यानं चहा टाकला. माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत तोच म्हणाला, "पेपरात दरसाल ती यादीची बातमी येती. मी वाचतो. मला आपलं वाटतं, ह्याला आपल्या गोदामाचा वास येतोय."

मी सगळं सांगितलं. टिपण, चष्मा, चार शब्द, भंडारी, कंस. तो ऐकत होता. भंडारीपाशी आलो तेव्हा हसायला लागला. "म्हंजे तुझं बी नाव न्हाई?"

"नाही."

"मग कशाला झुरतो बे?" तो म्हणाला. "पाणी राहिलं ना डोहात."

त्याचं हे हसणंसुद्धा मला सहन होईना. मी म्हणालो, "तुला एवढं कसं सुचलं रे त्या दिवशी? तेवढं सांग. आम्ही एवढे शिकलेले, आम्हाला सुचलं नाही."

त्यानं कप खाली ठेवला.

"मला काय सुचायचं त्यात," तो म्हणाला. "बहात्तरला टँकर यायचा ना गावात. वाड्यावस्त्यांची यादी केलती तुझ्या वडलांनी. आमची वस्ती त्या यादीत नव्हती. आई घागर घेऊन उभी राह्यची अन टँकरवाला म्हणायचा, यादीत न्हाई. मग ती पडक्या हिरीत उतरायची. तिथं पाय मोडला तिचा." त्यानं भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं नाही. "यादीत न्हाई त्याला राखण न्हाई, हे मी तवाच शिकलतो."

बहात्तर साली कॉलेज बंद पडून मी घरी होतो. वडील ओसरीवर येरझाऱ्या घालत सांगत होते आणि मी लिहीत होतो. मला ती यादी आठवली. कुठलं नाव राहिलं का, असं मी विचारल्याचं आठवेना.

"निवृत्ती," मी म्हणालो, "ती यादी..."

"पंचायतीच्या दाराला लावलेली असायची," तो म्हणाला. "मी रोज वाचायचो. आज तरी नाव आलं असंल म्हणून. लई देखणं अक्षर होतं तुझं. खरं सांगतो, मला त्याचा हेवा वाटायचा."

हा मजकूर मी टाइप करून घेतला नाही, हातानंच लिहून पाठवतो आहे. माझ्या यादीत दोन मोटारी लिहायच्या राहिल्या होत्या, एक दिल्लीची आणि एक बहात्तरची. त्या आता लिहिल्या. अक्षर मात्र पूर्वीसारखं राहिलेलं नाही.